एसी लावला की इंजिन का तापते? दोष नेमका कुठे शोधायचा

मे महिन्यातली दुपार. नाशिकच्या द्वारका चौकात उड्डाणपुलाखाली गाड्यांची रांग लागलेली आहे. बाहेर ४० अंशांच्या आसपास तापमान, आत एसी सुरू. दोन-तीन सिग्नल गेले की तापमानाचा काटा मध्य सोडून हळूहळू वर सरकू लागतो. चालक घाबरून एसी बंद करतो, काच खाली करतो आणि पाच मिनिटांत काटा पुन्हा जागेवर येतो. निष्कर्ष लगेच निघतो: एसीत बिघाड आहे.

मग गाडी एसीवाल्याकडे जाते. गॅस बदलला जातो, कधी कंप्रेसरही बदलला जातो. बिल चुकते होते आणि पुढच्याच आठवड्यात त्याच सिग्नलवर काटा पुन्हा वर चढतो. शेवटी घरातले लोक उन्हाळ्यात एसी न लावता फिरायची सवय लावून घेतात आणि मूळ दोष आत तसाच वाढत राहतो.

अशा बहुतेक गाड्यांमध्ये एसी निर्दोष असतो. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा आधीच थकलेली असते. एसी नसताना ती कशीबशी निभावून नेते, एसी लावला की तिची उरलीसुरली ताकद संपते. त्यामुळे ‘एसी लावल्यावर गाडी हीट मारते’ ही तक्रार अर्धीच असते. ती उभी असताना तापते, घाटात तापते की मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते, हे सांगितले की तक्रार पूर्ण होते आणि दोषाचा निम्मा शोधही लागतो.

एसीमुळे भार किती वाढतो

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच गाडी ओढायच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली उष्णता मुख्यतः कूलंटमार्फत रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. पंखा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होजपाइप आणि रेडिएटरचे झाकण हा सगळा संसार तेवढ्यासाठीच आहे.

एसी सुरू झाला की दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली म्हणजे पट्ट्यावर चालणारा कंप्रेसर इंजिनाकडून शक्ती घेतो. कडक उन्हात ही शक्ती साधारण दोन ते चार किलोवॅट, म्हणजे तीन ते पाच अश्वशक्ती असू शकते. आयडलवर चालणाऱ्या लहान इंजिनाला हे ओझे चांगलेच जाणवते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कमी लोकांच्या लक्षात येणारी. एसीचा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या अगदी पुढे, दोन-चार सेंटिमीटरवर बसवलेला असतो. केबिनमधून काढलेली उष्णता आणि कंप्रेसरच्या कामातून आलेली उष्णता, दोन्ही तो समोरून येणाऱ्या हवेत सोडतो आणि तीच तापलेली हवा मागच्या रेडिएटरला मिळते.

आकड्यांत पाहू. बाहेरची हवा ४० अंश आणि कूलंट १०० अंश असेल तर फरक ६० अंशांचा. कंडेन्सरमधून जाताना हवा ५५ अंशांपर्यंत तापली तर फरक ४५ अंश उरतो. रेडिएटर किती उष्णता टाकणार हे या फरकावर ठरते, म्हणजे त्याची क्षमता एका फटक्यात पाव भागाने घटली. वर इंजिनावरचा भार वाढला तो वेगळाच.

अर्थात हे गणित गाडी बनवणाऱ्यांनाही माहीत असते आणि त्यांनी तेवढी मोकळीक ठेवलेली असते. म्हणून कसोटी सोपी आहे: धडधाकट गाडी नाशिकच्या उन्हात एसी लावून तासभर उभी राहिली तरी काटा हलता कामा नये. ‘उन्हाळाच तसा आहे’ हे उत्तर मेकॅनिकने दिले तर ते स्वीकारू नये.

काट्यावर किती विश्वास ठेवायचा

गाडीतला तापमानाचा काटा खरे आकडे दाखवतोच असे नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम शांत ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा मध्यावरच राहतो आणि त्यापुढे मात्र झपाट्याने चढतो. अनेक लहान गाड्यांत काटाच नसतो, थंड इंजिनासाठी निळा आणि तापलेल्यासाठी लाल एवढे दोनच दिवे असतात. लाल दिवा लागतो तेव्हा इशारा द्यायची वेळ जवळजवळ टळलेली असते.

म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी खरा आकडा हाताशी असावा. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास सर्व गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचे सॉकेट असते. त्यात बसणारे छोटे ब्लूटूथ उपकरण मोबाइलवर कूलंटचे तापमान दाखवते. बहुतेक इंजिने ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान रमतात. आकडा १०५ च्या पुढे जाऊन परत येत नसेल, तर काटा मध्यावर असला तरी गाडीला दुखणे आहे.

आणखी एक खूण काट्याआधी दिसते. इंजिन फार तापले की अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर स्वतःहून कंप्रेसर तोडतो. सिग्नलला उभे असताना एसी अचानक कोमट हवा देऊ लागला आणि गाडी धावू लागताच पुन्हा गार झाला, तर गॅस भरायला धावण्याआधी पंखा पाहावा.

तीन रस्ते, तीन वेगळी उत्तरे

नाशिकच्या गाडीमालकाला या तपासणीसाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या चौकातली गर्दी, कसारा घाटाचा चढ आणि इगतपुरीजवळून जाणारा समृद्धी महामार्ग हे तीन रस्ते यंत्रणेच्या तीन वेगवेगळ्या भागांची परीक्षा घेतात.

चौकात गाडी उभी असते. समोरून वारा नसतो, रेडिएटरला मिळणारी सगळी हवा पंखाच ओढतो. इथे तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाला लागताच गार होणारी गाडी जवळजवळ स्वतःच सांगत असते की पंखा किंवा हवेची वाट बिघडली आहे.

समृद्धीवर उलटे. तिथे वारा भरपूर असतो, पंखा बंद असला तरी चालून जाते. पण इंजिन दीर्घकाळ जोरात काम करत असते आणि तयार होणारी उष्णता कूलंटने सतत वाहून न्यावी लागते. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूर ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला आहे आणि मोटारींना त्यावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गावात कधीच न तापणारी गाडी अशा रस्त्यावर अर्ध्या-पाऊण तासात तापू लागली, तर संशय रेडिएटरच्या आतल्या नळ्यांवर, वॉटर पंपावर, थर्मोस्टॅटवर किंवा कूलंटवर घ्यायचा.

घाट दोन्ही परीक्षा एकदम घेतो. कसारा ते इगतपुरी रस्ता साधारण तीनशे मीटर चढतो. त्याच घाटात रेल्वेचा चढ ३७ला १ असा आहे आणि गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात, यावरून काय ते समजावे. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना इंजिन पूर्ण भार ओढत असते, वेग मात्र वीस-पंचवीसचा. उष्णता जास्त, वारा कमी. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढतानाही हेच होते. त्यामुळे फक्त घाटात तापणाऱ्या गाडीत पंखाही तपासावा लागतो आणि रेडिएटरही; एकाच खुणेवरून निकाल देता येत नाही.

पंखा: सर्वात आधी, सर्वात नीट

उभी असताना तापणाऱ्या गाड्यांत दोष सर्वाधिक इथेच सापडतो आणि तपासणीला खर्च जवळजवळ नसतो. इंजिन सुरू करून एसी सर्वात गार ठेवावा आणि बॉनेट उघडून पाहावे. विजेवर चालणारा पंखा थोड्याच वेळात फिरू लागला पाहिजे, कारण एसीसाठी तो इंजिन तापण्याची वाट पाहत नाही. हात मात्र दूर ठेवावा. असा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

पंखा फिरतच नसेल तर क्रमाने फ्यूज, रिले, कनेक्टर आणि शेवटी मोटार पाहावी. शेजारी त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून क्षणात निकाल लागतो. मोटारीचे कार्बन ब्रश झिजले असतील तर ती कधी चालते, कधी रुसते. मेकॅनिक हलका ठोका देतो, पंखा सुरू होतो आणि ‘गाडी बरी झाली’ म्हणून परत पाठवली जाते. ती बरी झालेली नसते.

‘पंखा फिरतोय’ एवढ्यावर मात्र थांबू नये. अनेक गाड्यांच्या पंख्याला दोन वेग असतात. कमी वेग चालू आणि जास्त वेग बंद, अशी स्थिती फसवी असते, कारण हिवाळ्यात सगळे ठीक वाटते. काही गाड्यांत दोन पंखे असतात, एक रेडिएटरसाठी आणि एक कंडेन्सरसाठी. त्यातला एक बंद पडलेला महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. आणखी एक विचित्र पण खरा प्रकार: दुरुस्तीत मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो आणि हवा मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. गाडी धावताना येणाऱ्या वाऱ्याशीच मग त्याची झटापट होते. याची परीक्षा कागदाने होते. एसी चालू असताना समोरच्या जाळीला वर्तमानपत्राचा तुकडा लावावा. तो चिकटून राहिला तर हवा योग्य दिशेने ओढली जात आहे, गळून पडला किंवा उडाला तर नाही.

नाशिकच्याच महिंद्र कारखान्यात बनणाऱ्या बोलेरो, स्कॉर्पिओच्या जुन्या गाड्यांसारख्या वाहनांत पंखा इंजिनाच्या शाफ्टवरून, व्हिस्कस क्लचमार्फत फिरतो. आत सिलिकॉनचे तेल असते. इंजिन तापले की क्लच पंख्याला घट्ट धरतो, थंड असताना सैल सोडतो. तेल गळून गेले की पंखा नुसता वाऱ्यावर फिरल्यासारखा फिरतो. चांगले तापलेले इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन, पंखा हाताने फिरवून पाहावा. त्याला अडकल्यासारखा जडपणा हवा. एका टिचकीत तीन-चार फेरे फिरला तर क्लच गेला.

पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कवच, ज्याला गॅरेजमध्ये श्राउड म्हणतात, तेही जागेवर हवे. ते तुटले किंवा दुरुस्तीनंतर बसवायचे राहिले तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच पुन्हा पुन्हा घुसळतो.

दोन जाळ्यांमधली घाण

पंखा ठीक असेल तर हवेची वाट पाहायची. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, कारण दर आठवड्याला गाडी धुताना तो धुतला जातो. कचरा साठतो तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत. धूळ, किडे, गवताचे तुरे, कापसाचे धागे तिथे दाबून त्यांचा नमदा होतो. निफाड, दिंडोरीकडच्या कच्च्या रस्त्यांवरून द्राक्षाच्या हंगामात रोज फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. दसऱ्याला जाळीवर बांधलेले झेंडूचे हार सुकेपर्यंत काढले जात नाहीत, त्यांच्या पाकळ्याही तिथेच पोहोचतात. हौसेने जाळीमागे लावलेली मच्छरदाणीची बारीक जाळी किंवा समोर बसवलेले जादा दिवे हवा अडवतात, हे सांगितले तर कोणाला पटत नाही. आठवडाभर काढून ठेवून ओबीडीवरचा आकडा पाहिला की पटते.

सफाई करताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारावे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर बारीक पाकळ्या, म्हणजे फिन्स, वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. नीट काम करायचे तर दोन्ही जाळ्या सोडवून वेगळ्या कराव्या लागतात. एक-दोन तास जातात, पण पाच-सहा वर्षे जुन्या गाडीत ते सार्थकी लागतात.

रेडिएटर आतूनही तुंबतो. कूलंट संपला की बोअरवेलचे पाणी ओतायची सवय सर्रास आहे. त्यातले क्षार घरातल्या गिझरमध्ये जसा थर धरतात तसाच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत धरतात. हा तुंबारा ओळखायला तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन उपयोगी पडते. तापलेल्या इंजिनावर रेडिएटरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत गेले तर तापमान सलग उतरत गेले पाहिजे. मध्येच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्यांतून कूलंट जातच नाही.

कूलंट आणि एक छोटे झाकण

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे साधे पाणी इथे १०० नव्हे तर ९८ अंशांच्या आसपास उकळते. इंजिनातले पाणी उकळत नाही ते रेडिएटरच्या झाकणामुळे. झाकणातली स्प्रिंग आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते, त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत जातो. निम्मे कूलंट असेल तर तो सव्वाशेच्याही पुढे सरकतो. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि एसीच्या भाराखाली कूलंट उकळून बाटलीतून बाहेर पडते. झाकण काहीशे रुपयांचे असते. ते दाब-परीक्षण यंत्रावर तपासता येते आणि यंत्र नसेल तर सरळ नवे बसवणे परवडते.

कूलंटबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, इथे बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला? गंज आणि क्षार रोखणे, उकळण्याची पातळी वाढवणे ही कामे नाशिकलाही लागतात. दुसरा, पाणी न घालता नुसते कूलंट ओतले तर इंजिन जास्त गार राहील. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे होते उलटेच. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालते. तयार मिश्रण म्हणून विकल्या जाणाऱ्या कूलंटमध्ये मात्र पाणी घालायचे नसते.

पातळी वारंवार उतरत असेल तर कूलंट जाते कुठे ते शोधावे. सीएनजी बसवलेल्या गाड्यांत एक जागा हमखास विसरली जाते. गॅसचा रिड्यूसर गरम ठेवण्यासाठी कूलंटच्या पाइपला फाटे काढलेले असतात, तिथल्या क्लिपा सैल होतात. कूलंट बदलल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर आत हवा अडकलेली असण्याची शक्यता मोठी. ती नीट काढून टाकावी लागते.

थर्मोस्टॅट, पंप आणि हेड गॅस्केट

थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल तर गाडी वेगात तापते. त्यावर गॅरेजमध्ये एक जुना तोडगा दिला जातो: व्हॉल्व्ह काढूनच टाका. तो टाळावा. इंजिन मग योग्य तापमानाला लवकर येत नाही, इंधन जास्त खाते आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की कूलंट रेडिएटरला वळसा घालून बायपासनेच फिरत राहते. म्हणजे तापणे वाढते.

पंपाची घरगुती परीक्षा हीटरने होते. इंजिन तापलेले असताना हीटर पूर्ण सोडावा. हवा कढत आली तर कूलंट फिरत आहे. इंजिन उकळायला आले आणि हीटरमधून गार हवा येत असेल तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा पंपाची पाती झिजली आहेत.

हेड गॅस्केटचे नाव ऐकूनच मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण हेड उतरवण्याचा खर्च मोठा. म्हणून पुराव्याशिवाय ते काम काढू देऊ नये. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत आहे का हे सांगणारे रासायनिक द्रव मिळते. झाकणाच्या जागी नळी लावून वाफ त्यातून सोडली की निळा द्रव पिवळा होतो. थंड इंजिन सुरू करताच होजपाइप दगडासारखा कडक होणे, कूलंटमध्ये सतत बुडबुडे, कुठेही गळती नसताना घटणारी पातळी, ऑइल दुधाळ होणे याही खुणा आहेत. मात्र गॅस्केट बहुधा आधीच्या तापण्याने जाते. ती बदलून पंखा तसाच ठेवला तर नवी गॅस्केटही त्याच वाटेने जाते.

एसी खरोखर दोषी असतो तेव्हा

असे कमी वेळा घडते, पण घडते. गॅस वजन न करता ‘अंदाजाने’ जास्त भरला तर कंडेन्सरमधला दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. कंप्रेसर जड फिरत असेल तर एसी लावताच इंजिन दबल्यासारखे होते, पट्टा चिरकतो. गॅसचे योग्य वजन बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेले असते. सगळा गॅस काढून यंत्राने तेवढाच भरून घेतला की हा संशय मिटतो. दोष ‘गॅस भरल्यानंतर’ सुरू झाला असेल तर हेच आधी करावे.

रस्त्यातच काटा चढला तर

एसी बंद करावा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडावा. मेच्या उन्हात हे नकोसे वाटते, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. घाटात असाल तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. काटा नुसता चढलेला असेल आणि कूलंट गळत नसेल तर दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवणे बरे, म्हणजे पंप आणि पंखा काम करत राहतात. लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा कूलंट खाली सांडत असेल तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. आजच्या इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते, कूलंटशिवाय पुढचा चढ पार करायच्या मोहात ते वाकते.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून अंगावर येते आणि चेहरा, हात भाजतात. होजपाइप दाबल्यावर मऊ लागेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नये.

दुरुस्ती झाल्यावर गाडी सकाळच्या गारव्यात ताब्यात घेऊन उपयोग नाही. दुपारी, एसी पूर्ण ठेवून, गॅरेजच्या दारातच वीस मिनिटे उभी करावी आणि ओबीडीवरचा आकडा मेकॅनिकच्या समोर पाहावा. तो १०० च्या आसपास चढून पंख्याबरोबर पुन्हा पुन्हा खाली येत राहिला की मगच पैसे द्यावेत.